सांगतंय कोण?

आमचे सर कोणाकडेही पाठ करून बसत नसत. वर्गात आले की फळ्यापाशी न थांबता थेट शेवटच्या बाकावर जायचे, भिंतीला टेकायचे आणि आमच्यातल्या एकाला पुढे उभं करायचे. तास त्यांचा, बोलायचं आम्ही. एम.ए.च्या पहिल्या महिन्यात आम्ही याला आळस समजलो. मग वैशालीने वेगळाच शोध लावला.

"त्यांना मागून कोणीतरी काहीतरी करेल अशी भीती वाटते," ती म्हणाली.

"कोण काय करणार त्यांना?"

"ते त्यांनाच माहीत. पण माणूस उगाच घाबरत नाही. काहीतरी करून आलेला असतो."

वैशाली लिंबायतची, मी गोडादऱ्याची. दोघींची घरं खानदेशातून सुरतेला आलेली, दोघींचे वडील कापडात. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या कॉलेजात आम्ही एकाच बसने जायचो आणि सगळ्या वाटेवर सरांचाच विषय असायचा. सर जर्मन आणि इंग्रजी साहित्याचा तौलनिक अभ्यास शिकवत. जर्मन पुस्तकं आम्ही इंग्रजी भाषांतरात वाचायचो, सर मात्र मूळ जर्मन घेऊन बसायचे. पण त्यांच्या तोंडून एक जर्मन शब्द कधी कोणी ऐकला नव्हता. एका वर्षी जर्मनीहून एक प्राध्यापिका विभाग बघायला आल्या, तर नेमके त्या दिवशी सर रजेवर. झालं, सगळ्यांची खात्रीच पटली. ते पुस्तक नुसतं दाखवायला असतं, याला जर्मन-बिर्मन काही येत नाही.

वर्गात मागच्या बाकावर ते आणि त्यांच्याच पुढच्या बाकावर आम्ही दोघी. सर इंग्रजीत बोलत, मधेच गुजरातीत घसरत. आडनाव असं, की गुजरातीही वाटावं आणि मराठीही. त्यामुळे आम्ही बिनधास्त मराठीत त्यांच्याबद्दल बोलायचो. त्यांच्याकडे एक छत्री होती, बाराही महिने हातात. मुठीवर कोणाची तरी आद्याक्षरं कोरलेली, आणि ती सरांच्या नावाशी जुळत नव्हती. ती छत्री त्यांनी कुठल्यातरी लायब्ररीतून उचलली, असं वैशालीचं मत. वर्षभर आम्ही त्या चोरीच्या नवनव्या कथा रचल्या. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच तासाला सर आमच्या मागून शांतपणे म्हणाले,

"छत्री माझ्या सासऱ्यांची आहे. आता पुढचा आरोप बोला."

चक्क मराठीत. वऱ्हाडी हेलाच्या मराठीत. सर मूळचे अकोल्याकडचे निघाले. माझे कान गरम झाले. वैशाली मात्र बसमध्ये म्हणाली, "बघ. वर्षभर गप्प राहून ऐकत होता हा माणूस. साधा असता तर पहिल्याच दिवशी बोलला नसता?"

त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. "सांगतंय कोण? आणि हे सांगून त्याला काय मिळणार आहे?" कादंबरी असो, कविता असो, प्राचार्यांची नोटीस असो, पहिला प्रश्न हाच. कॉलेजच्या दारातला चहावाला एकदा म्हणाला, "सर, दूध आत्ताच आलंय, एकदम ताजं." सर म्हणाले, "मी विचारलं होतं का?" आणि चहा न घेताच पुढे गेले.

पण या प्रश्नाने त्यांनी आम्हाला जे दाखवलं, ते मी विसरले नाही. एका जुन्या जर्मन गोष्टीत एक वाटसरू रस्त्यावरच्या खाणावळीत येतो, जंगलात बायको हरवल्याचं सांगतो आणि ढसाढसा रडतो. मी पुढे उभी राहून ते दुःख, ती निसर्गासमोरची हतबलता वगैरे बोलत होते. मागून आवाज आला, "रडताना त्याने जेवण थांबवलं का?"

मी पान उलटून बघितलं. थांबवलं नव्हतं. दोन हुंदक्यांच्या मधे तो पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवत होता.

"मग बायको हरवली की त्याने हरवली, हे आता पुन्हा वाच," सर म्हणाले.

इंग्रजीतल्या पत्ररूप कादंबऱ्यांमध्येही तेच. कोंडून ठेवलेली नायिका पानंच्या पानं पत्र लिहिते आणि आम्ही तिच्यासाठी कळवळतो. सर विचारायचे, "हिला रोज शाई कोण आणून देतं?" एकदा असा प्रश्न डोक्यात शिरला की पुस्तक पहिल्यासारखं वाचता येत नाही. घरीही तेच होतं. मावशी फोनवर रडायला लागली की मी ऐकायचे, तिकडे टीव्ही चालू आहे का.

ते सगळ्यात जास्त वैतागायचे ते आमच्या निबंधांवर. फोनला विचारून निबंध लिहिण्याची तेव्हा नुकतीच साथ आली होती. सर ओरडले नाहीत. त्यांनी आम्हाला अठराव्या शतकातल्या एका जर्मन कवीचं नाव दिलं आणि त्याच्या निसर्गकवितेवर निबंध लिहून आणायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात सगळ्यांचे निबंध आले. कोणी त्या कवीला नदीकाठी जन्माला घातलं होतं, कोणी त्याला क्षय दिला होता. वैशालीच्या निबंधात तर त्याचं एका धर्मोपदेशकाच्या मुलीवर अपुरं राहिलेलं प्रेमही होतं. सरांनी तो पूर्ण निबंध मोठ्याने वाचून दाखवला, अगदी मन लावून. मग म्हणाले, "हा कवी झालाच नाही. नाव मी आंघोळ करताना तयार केलं."

वर्गात कोणी हसलं नाही. मला तो कवी कुठेच सापडला नव्हता आणि मी तेवढंच एका ओळीत लिहून दिलं होतं. सरांनी माझा कागद वर धरला. मला वाटलं आता कौतुक होणार. ते म्हणाले, "ही एक तर प्रामाणिक आहे, नाहीतर हिने निबंध लिहायचा कंटाळा केला. कोणतं ते मला अजून कळलेलं नाही."

त्या दिवशी बसमध्ये वैशाली खिडकीकडे तोंड करून बसली होती. उतरताना म्हणाली, "तुला आधीच माहीत होतं ना?" मी नाही म्हटलं. तिने मान हलवली, पण मानेत विश्वास नव्हता.

शेवटच्या वर्षी प्रबंधिका लिहायची होती. मी विषय नेला, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी आणि जर्मन साहित्यातले विणकर. मला वाटलं, सर खूश होतील.

"विणकरच का?"

"माझे पप्पा कापडाच्या लाइनमध्ये आहेत, सर. आधी लूमवर होते, आता पलसाण्याला डाइंगच्या, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये आहेत."

"हे मला सांगून तुला काय मिळणार आहे?"

मी हातातल्या कागदावरचा विषय पुन्हा वाचला.

"परीक्षक वाचतील, कामगाराची मुलगी विणकरांवर लिहिते. डोळ्यांत पाणी येईल. त्या पाण्यात तुझ्या चुका वाहून जातील. दुसरा विषय आण."

घरी जाऊन मी खूप रडले. मला त्यांचा मनापासून राग आला होता. आणि रागातच मी दुसरा विषय काढला, घरी आलेला परका माणूस. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं होतं, की इंग्रजी कादंबऱ्यांत दारात आलेला अनोळखी माणूस शेवटी कोणाचा तरी हरवलेला पुतण्या नाहीतर मृत्युपत्रातला वारस निघतो. त्याला नात्यात बसवल्याशिवाय त्या कादंबरीला चैन पडत नाही. जर्मन गोष्टींतला परका मात्र परकाच राहतो. तो येतो, घर उलटंपालटं करतो आणि निघून जातो. कोण होता, ते कळतच नाही. हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ छत्रीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले.

"सगळ्या गोष्टींत?"

"मी वाचल्या त्यांत."

"मग तसंच लिही. 'मी वाचल्या त्यांत' असं लिही."

मी वर्षभर राबले. प्रबंधिका दिली आणि तोंडी परीक्षेच्या थोडं आधी विभागात एक निनावी तक्रार आली. माझं लिखाण माझं नाही, कोणाकडून तरी किंवा फोनकडून करून घेतलंय, असं त्यात होतं. विभागातल्या कारकूनबेनने मला हळूच सांगितलं. "तारा सरनेज आपी छे," त्या म्हणाल्या. तक्रार आता माझ्याच सरांच्या हातात होती.

तक्रार खरी धरली गेली तर वर्ष गेलं असतं, आणि घरी माझ्या लग्नाची बोलणी पप्पांनी त्या एका वर्षासाठीच थांबवून धरली होती. केलं कोणी असेल? पहिला संशय मला सरांचाच आला. मग वैशालीचा. मग वर्गातला प्रत्येक चेहरा आठवून पाहिला आणि प्रत्येक चेहरा तसाच वाटायला लागला.

त्याच रविवारी दुपारी आमच्या गोडादऱ्याच्या खोलीच्या दारात सर उभे. कोणाला न कळवता. हातात छत्री, काखेत माझी प्रबंधिका. आत आले, खोलीभर नजर फिरवली आणि भिंतीला पाठ लागेल अशी जागा बघून पलंगावर बसले.

"चहा ल्या सर," आई म्हणाली.

"नंतर. आधी एक सांगा, ही घरी वाचते का?"

आई सरळ बाई. म्हणाली, "रातदिन वाचस. गॅसवर दूध उतू जास तरी हिले दखास नही."

"तुम्ही आई आहात. तुम्ही हेच सांगणार," सर म्हणाले.

पप्पा कोपऱ्यात जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं. पप्पा बाहेर कोणाशीही हिंदी-गुजरातीत बोलतात, पण राग आला की अहिराणीच येते. "मन्ही पोर चोर शे का?"

"ते बघायलाच आलोय."

"बरं. मंग आधी तुम्हनं बघू. तुम्ले जर्मन येस का?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. सरांच्या जर्मनबद्दलच्या सगळ्या गोष्टी मी घरी रंगवून सांगितल्या होत्या. सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. पप्पांनी फोन काढला. त्यांच्या मिलमध्ये कापड सुकवायचं एक जुनं जर्मन मशीन आहे, त्यावरच्या पत्र्याच्या पाटीचा फोटो त्यांच्याकडे होता. फोन त्यांनी सरांच्या नाकासमोर धरला. "हाई काय लिखेल शे? वाची दखाडा."

सरांनी चष्मा वर केला, फोन अगदी डोळ्यांजवळ नेला. मग मराठीत म्हणाले, "बटण बंद केल्यावरही रोलर काही वेळ फिरत राहतात. पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नये."

"जर्मनमां वाचा."

"ते नाही जमणार." सरांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मी ही भाषा पुस्तकांतून शिकलो, एकट्याने. मला ती डोळ्यांनी येते, तोंडाने येत नाही. उच्चार ऐकून लोक हसतात, म्हणून मी बोलत नाही."

त्यांच्या त्या रजेचं कारण मला तेव्हा कळलं. पप्पा मात्र विरघळले नाहीत. "तुम्ही खरं सांगी राहिनात हाई आम्ले कसं कळी?"

आणि सर हसले! मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. "बरोबर. मीही हेच विचारलं असतं. ए, फोनमध्ये टाकून बघ."

मी फोटो भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकला. तेच आलं. शब्द इकडचे तिकडे, अर्थ तोच. पप्पांनी फोन परत घेतला, पण आता सर उठून उभे राहिले होते.

"तुम्ही त्यात हात घालता का?"

"बटण बंद करीसन घालतस. सगळेच घालतस."

"कोणी सांगितलं नाही?"

"कोण सांगनार? पाटी कोनले वाचता येस?"

सरांनी छत्री पलंगावर टाकली, माझ्याकडून मार्कर आणि पुठ्ठा मागून घेतला आणि उभ्या उभ्या मोठ्या अक्षरात ते वाक्य हिंदीत लिहिलं. पुठ्ठा पप्पांच्या हातात देऊन म्हणाले, "उद्याच लावा. आणि मालकाने कारण विचारलं तर माझं नाव सांगा." मग पुन्हा भिंतीला टेकून बसले आणि माझी प्रबंधिका उघडली.

"ऐक." त्यांनी एक परिच्छेद वाचायला सुरुवात केली. घर, दार, परका माणूस, त्याच्या बुटांना लागलेला चिखल. ओळखीचं होतं सगळं. आणि मधेच एक वाक्य आलं, फार डौलदार, उंबरठा म्हणजे संस्कृतीची जखम वगैरे.

"हे माझं नाही," मी म्हटलं.

"तुझ्या पानावर आहे."

"असू दे. मी असं लिहिलेलं नाही. मी असं लिहिणारच नाही."

"पण वाक्य चांगलं आहे."

"चांगलं असेल, सर. माझं नाही. माझ्या वाक्यात चिखल सुकलेला होता, म्हणजे तो माणूस लांबून आला नव्हता, बराच वेळ बाहेर उभा होता. तुम्ही ते काढलंत. त्याच्याशिवाय तो परिच्छेदच पडतो."

मी चिडून बोलत होते आणि आवाज चढला होता. आई दारात चहा घेऊन तशीच उभी. सरांनी प्रबंधिका मिटली. वाक्य पानावर नव्हतंच, ते त्यांनी मनाने घातलं होतं. अजून तीन-चार ठिकाणी त्यांनी तसंच केलं आणि प्रत्येक वेळी मी त्यांना पकडलं. शेवटी चहा प्याले, आईला म्हणाले, "साखर कमी घालत जा," आणि निघून गेले. माझ्याबद्दल चांगलं-वाईट एक अक्षर बोलले नाहीत.

"काय माणूस शे हाऊ," पप्पा म्हणाले. पण पुठ्ठा त्यांनी डब्याच्या पिशवीत ठेवला होता. तो पुढे मशीनवर लागला आणि अजून आहे, असं ते सांगतात.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. माझी प्रबंधिका बोटांनी चाळत ते सौम्यपणे म्हणाले, "काम उत्तम आहे. जरा जास्तच उत्तम आहे. तुमच्या पार्श्वभूमीतून असं लिखाण... तुम्ही समजू शकता आम्हाला का विचारावं लागतं."

भिंतीला टेकलेले सर बोलले. "तक्रार माझ्याकडेही आहे. मी तिच्या घरी गेलो होतो. तिला, तिच्या आईला, वडिलांना, कोणालाही आधी सांगितलं नव्हतं. मी या मुलीवर विश्वास ठेवलेला नाही. तपासलंय. प्रत्येक वाक्य तिचं आहे. आता तुम्ही तिला साहित्यावर प्रश्न विचारता, की पार्श्वभूमीवरच विचारत राहणार?"

परीक्षकांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं. सरांना सगळे ओळखत होते. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षांत स्वतःच्या सहकाऱ्यांनाही चांगलं म्हटलं नव्हतं, त्याचं हे प्रमाणपत्र होतं. त्यापुढे प्रश्न साहित्यावरच झाले. मी पास झाले, चांगली पास झाले.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. आभार मानायला लागले तर त्यांनी हात वर करून थांबवलं. मग मी विचारलं, "सर, तक्रार कोणी केली असेल?"

"तिघांवर संशय आहे."

"कोण?"

"दोघांची नावं सांगणार नाही. तिसरी तू."

"मी? मी माझ्याविरुद्ध तक्रार करीन?"

"तक्रार झाली म्हणून तर तुझी प्रबंधिका सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचली. नाहीतर परीक्षक फक्त प्रस्तावना वाचतात." आणि जिना उतरून गेले.

कोणी केली ते मला आजही माहीत नाही. वैशाली आणि मी अजून फोनवर बोलतो. ती इच्छापोरला एका कंपनीत आहे, तिला मुलगा झाला. बोलता बोलता प्रश्न जिभेवर येतो आणि मी तो गिळते. तीही मधेच विषय बदलते. कदाचित तिच्याही मनात माझ्याविषयी काही असेल.

मला कॉलेजात शिकवण्याची नोकरी लागली तेव्हा सर निवृत्त झाले होते. मी घारीचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. घारी म्हणजे सुरतेची मिठाई, आत मावा-पिस्ता आणि वरून तुपाचा जाड थर. दार साखळीएवढंच उघडलं. फटीतून एक डोळा माझ्याकडे बघत राहिला, मग साखळी निघाली. घर पुस्तकांनी भरलेलं, पण माणसांची जाग नव्हती. सरांच्या पत्नीला जाऊन वर्ष झालं होतं, हे मला तिथे भिंतीवरच्या फोटोखालच्या तारखेवरून कळलं.

मी डबा पुढे केला. सरांनी झाकण काढलं, वास घेतला.

"आधी तू खा," ते म्हणाले.

मला हसू आलं, पण मी एक घारी उचलून खाल्ली, त्यांच्यासमोर, पूर्ण. ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "थोडा वेळ बस. काही झालं तर कळायला हवं."

मी बसले. त्यांनी विचारलं, वर्गात काय शिकवतेस, मुलं वाचतात का, पप्पा कसे आहेत. आईने चहातली साखर कमी केली का, हेही विचारलं. मधेच उठून त्यांनी पंखा वाढवला, मला पाणी आणून दिलं. बाहेर ऊन उतरायला लागलं. मी निघते म्हटलं की ते माझ्या चेहऱ्याकडे निरखून म्हणायचे, "अजून खात्री नाही. बस."

शेवटी त्यांनी घारीचा छोटासा तुकडा मोडून तोंडात टाकला. तूप बोटांना लागलं ते रुमालाने पुसत म्हणाले, "ठीक आहे. पण एका डब्यावरून काही सिद्ध होत नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानातून आण."

मी दर महिन्याला जाते. दर वेळी मला आधी खावं लागतं आणि खात्री व्हायला दर वेळी आधीपेक्षा जास्त वेळ लागतो.